गॉटिंगेन : एका विद्यानगरीची कथा

पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याचा अभ्यास ज्यांनी केला आहे, त्यांच्या हाती त्या ग्रंथाची जी आवृत्ती बहुधा प्रथम येते ती तीन भागांची असून तिच्यावर संपादक म्हणून डॉ. फ्रान्त्स कीलहॉर्न यांचे नाव असते. विद्यार्थिदशेत आम्हीही तीच आवृत्ती वापरली. हे कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ पासून १८८१ पर्यंत संस्कृतचे अध्यापक होते, आणि येथून परत गेल्यावर जर्मनीतील गॉटिंगेन येथे त्यांनी आपले उर्वरित आयुष्य अध्यापनात घालविले, एवढे आमच्या गुरुजींनी सांगितले होते. त्या वेळी गॉटिंगेन हे आम्हांस केवळ एका मुखपृष्ठाशी निगडित असे नाव होते. पुढे वाचन वाढत गेले, तेव्हा हेच नाव गणिताच्या इतिहासात, पदार्थविज्ञानाच्या इतिहासात, भाषाशास्त्रात, इतकेच नव्हे तर राजकीय हक्कांच्या इतिहासातही पुनःपुन्हा आढळू लागले. सव्वा लाख वस्तीचे एक मध्यम नगर इतक्या ठिकाणी कसे येऊन बसले, ह्या कुतूहलातून प्रस्तुत लेखाचा जन्म झाला आहे.

प्रथम नगराची जागा पाहू. जर्मनीच्या उत्तर भागात, हॅनोव्हरच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, लाइना नावाच्या नदीच्या खोऱ्यात गॉटिंगेन वसले आहे. लाइना ही काही ऱ्हाइन किंवा एल्बे ह्यांच्यासारखी महानदी नव्हे. ती थुरिंगियाच्या डोंगराळ भागात उगम पावते, उत्तरेकडे वाहत जाऊन आलर नदीस मिळते, आणि आलर व वेझर ह्यांच्या द्वारे तिचे पाणी उत्तरसमुद्रास पोचते. परंतु ज्या खोऱ्यातून ती वाहते त्याची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. येथे भूकवचास समांतर भेगा पडून मधला पट्टा खाली खचला, आणि त्यामुळे उत्तर-दक्षिण असा एक सरळ व रुंद चर तयार झाला. दोहों बाजूंस चुनखडीचे डोंगर व त्यांवर बीच वृक्षांची अरण्ये, आणि तळाशी वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक, पिवळसर व अतिशय सुपीक अशा मातीचा थर, असे ह्या खोऱ्याचे स्वरूप आहे. ईशान्येस हार्त्स पर्वत आहे. दक्षिण जर्मनीतून उत्तरेच्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यास डोंगर चुकवावयाचे असतील तर ह्या चरातून जाणेच सोयीचे. मध्ययुगातील बैलगाड्या ह्याच मार्गाने गेल्या, १८५४ मध्ये हॅनोव्हरकडून आलेली आगगाडी ह्याच मार्गाने आली, आणि आजचा मोठा राजरस्ताही ह्याच खोऱ्यातून जातो. निसर्गाने मार्ग आखून ठेवला आणि माणसांनी त्यावर गाव वसविले, असे येथे म्हणावयास हरकत नाही.

गावाचा पहिला लेखी उल्लेख सन ९५३ चा. जर्मन राजा पहिला ऑटो ह्याने एका दानपत्राने ‘गुटिंगी’ ह्या खेड्यातील मिळकत माग्डेबुर्ग येथील मठास दिली, त्यात हे नाव येते. नदीच्या पलीकडे ग्रोना येथे राजांचा एक वाडा होता, आणि १०२४ मध्ये सम्राट दुसरा हेन्री तेथेच मरण पावला. पुढे वाडा लयास गेला आणि खेड्याशेजारची बाजारपेठ वाढत गेली. इसवी सनाच्या १२०० च्या सुमारास तिला नगराचे हक्क मिळाले. लोकरीचे कापड विणणे व विकणे हा तेथील मुख्य धंदा होता. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तर जर्मनीतील व्यापारी नगरांच्या सुप्रसिद्ध हान्सा संघात गॉटिंगेनचे प्रतिनिधी जाऊ लागले. १३८७ मध्ये आपल्या ड्यूकशी उघड लढून ह्या नगराने त्याचा पराभव केला व त्याचा किल्ला पाडून टाकला. ज्या नगरवासियांनी हे धाडस केले त्यांची संख्या पाच-सहा हजारांपलीकडे नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या पौरजनांचा आत्मविश्वास केवढा होता ह्याची कल्पना येते.

हे वैभव टिकले नाही. १५२९ मध्ये नगराने ल्यूथरचा पंथ स्वीकारला, नंतर हान्सा संघाशी त्याचा संबंध तुटला, आणि तीस वर्षांच्या युद्धात १६२६ साली सेनापती टिलीने वेढा घालून ते जिंकले. युद्ध, रोगराई व खंडणी ह्यांनी कापडाचा धंदा बुडाला. अठराव्या शतकाच्या आरंभी गॉटिंगेन म्हणजे तीन-चार हजार वस्तीचे, मोडक्या तटबंदीचे व रिकाम्या घरांचे एक पडते गाव होते. त्याच्या पुढील साऱ्या कीर्तीचे मूळ ह्या पडत्या स्थितीतच आहे, असे आम्हांस वाटते, कारण गाव समृद्ध असते तर त्याने राजाची कृपा मागितली नसती.

ही कृपा लंडनहून आली. हॅनोव्हरचे राजघराणे १७१४ पासून इंग्लंडच्याही गादीवर होते. दुसऱ्या जॉर्जचा हॅनोव्हरमधील मंत्री गेर्लाख आडोल्फ फॉन म्युन्शहाउझेन ह्याने आपल्या राज्यात विद्यापीठ काढण्याचे मनावर घेतले, आणि त्यासाठी ह्या गावाची निवड झाली. १७३४ मध्ये अध्यापनास आरंभ झाला व १७ सप्टेंबर १७३७ रोजी विद्यापीठाचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. म्युन्शहाउझेन हा व्यवहारी मनुष्य होता. श्रीमंत घराण्यांतील मुलगे आले म्हणजे गावात पैसा येईल हे जाणून त्याने व्याख्यानमंदिरांची वाट न पाहता घोडेस्वारीची शाळा बांधविली. परंतु त्याचे खरे शहाणपण दुसऱ्या दोन गोष्टींत दिसून आले. पहिली ही की, इतरत्र धर्मशास्त्राच्या अध्यापकांस अन्य विषयांच्या ग्रंथांवर जी देखरेख करण्याचा अधिकार असे तो त्याने येथे ठेवला नाही. दुसरी ही की, ग्रंथालय हे शोभेचे कपाट नसून विद्यापीठाचे हृदय आहे असे त्याने मानले. एका दिवंगत उमरावाच्या नऊ-दहा हजार ग्रंथांवर सुरू झालेले हे ग्रंथालय क्रिस्टियान गॉटलोब हाइने ह्या पंडिताने १७६३ पासून १८१२ पर्यंत सांभाळले आणि दोन लाखांच्या घरात नेले. नवीन ग्रंथ निघाला की तो मागवावयाचा, त्याची नोंद व्यवस्थित करावयाची, आणि विद्यार्थ्यांसही तो घरी नेऊ द्यावयाचा, ही पद्धत त्या काळी अपूर्व होती. तेथे १७३९ मध्ये निघालेले ग्रंथपरीक्षणांचे नियतकालिक अद्याप चालू आहे, हे आमच्या मासिकाच्या वाचकांस ऐकून आनंद होईल.

सात वर्षांच्या युद्धात फ्रेंच फौजा गावात ठाण मांडून बसल्या होत्या. त्या गेल्यावर तटबंदी निरुपयोगी ठरली, तेव्हा तट सपाट करून त्यावर लिंडेनची झाडे लावण्यात आली व तो फिरावयाचा रस्ता झाला. गावाभोवती तासाभरात प्रदक्षिणा घालता येते अशी ही वाट अजून आहे. ज्या तटावर पूर्वी पहारेकरी उभे राहत त्यावरून अध्यापक व विद्यार्थी वाद करीत फिरू लागले. नगराच्या बदललेल्या जीविताचे ह्याहून बोलके चिन्ह आम्हांस सांगता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथील वेधशाळेवर कार्ल फ्रीड्रिख गाउस आला व १८५५ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. त्याने आणि विल्हेल्म वेबर ह्याने १८३३ मध्ये गावातील छपरांवरून सुमारे एक किलोमीटर लांबीची तार नेऊन विद्युच्चुंबकाच्या साहाय्याने वेधशाळेपासून भौतिकीच्या प्रयोगशाळेपर्यंत संदेश पाठविले. याच सुमारास याकोब व विल्हेल्म हे ग्रिम बंधू येथे ग्रंथपाल व अध्यापक होते. आमच्या घरांतील मुले ज्यांच्या परीकथा वाचतात तेच हे दोघे, परंतु विद्वानांत त्यांची कीर्ती भाषाशास्त्रावर उभी आहे.

आणि येथे गॉटिंगेनच्या इतिहासातील पहिली परीक्षा आली. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया इंग्लंडच्या गादीवर बसली. हॅनोव्हरच्या कायद्याप्रमाणे स्त्रीस तेथील राज्य मिळत नसल्यामुळे ते तिचा चुलता अर्न्स्ट आउगुस्ट ह्याच्याकडे गेले. हा राजपुत्र तरुणपणी स्वतः गॉटिंगेनचाच विद्यार्थी होता. सप्टेंबरात विद्यापीठाचा शतसांवत्सरिक उत्सव थाटाने झाला आणि १ नोव्हेंबर रोजी त्याच राजाने १८३३ ची राज्यघटना रद्द केल्याचे जाहीर केले. ह्या घटनेशी निष्ठ राहण्याची शपथ अध्यापकांनी घेतली होती. १८ नोव्हेंबर रोजी सात अध्यापकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या : इतिहासकार डालमान व गेर्विनुस, कायदेपंडित आल्ब्रेख्ट, दोघे ग्रिम बंधू, सेमिटिक भाषांचे पंडित एवाल्ड आणि गाउसचा सहकारी वेबर. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते. शपथ ही शपथ आहे. आपले गुरू शपथेशी खेळतात असे विद्यार्थ्यांस दिसले तर त्यांच्या शिकवणीस काय किंमत राहील? विद्यार्थ्यांनी ह्या पत्राच्या नकला रात्रीतून करून देशभर पसरविल्या. डिसेंबरात सातही जणांस बडतर्फ करण्यात आले, आणि डालमान, गेर्विनुस व याकोब ग्रिम ह्यांस तीन दिवसांत राज्य सोडून जाण्याची आज्ञा झाली. विद्यार्थ्यांचा मोठा समुदाय त्यांस पोचविण्यासाठी सीमेपर्यंत गेला. लाइप्त्सिग येथे वर्गणी जमवून ह्या सातांच्या वेतनाची तजवीज करण्यात आली.

आमच्या मनास येथे एक गोष्ट टोचते. सात गेले, बाकीचे राहिले. राहिलेल्यांत गाउसही होता, आणि एवाल्ड हा त्याचा जावई होता. त्याचे हे मौन भित्रेपणाचे होते, वयाचे होते, की राजकारणाविषयीच्या औदासीन्याचे होते, ह्याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. मोठी बुद्धी व मोठे धैर्य ही दोन निरनिराळी दाने आहेत, आणि ती एकाच्याच पदरी पडतील असा नियम नाही, एवढेच म्हणून पुढे जाऊ. पदच्युत झालेल्या ग्रिम बंधूंनी मात्र रिकाम्या हातांनी न बसता जर्मन भाषेचा महाकोश हाती घेतला. ते दोघे गेल्यानंतरही पिढ्यान् पिढ्या त्याचे काम चालले, आणि १९६१ मध्ये तो पुरा झाला तेव्हा त्याच्या दोन कार्यस्थानांपैकी एक गॉटिंगेन हेच होते.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. गॉटिंगेनजवळच्या नॉर्टेन गावी एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या टेओडोर बेन्फाय ह्याने ह्या विद्यापीठात अनेक वर्षे विनावेतन शिकविले. पूर्ण अध्यापकपद त्यास १८६२ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मिळाले. त्यापूर्वीच, १८५९ मध्ये, त्याने पंचतंत्राचे जर्मन भाषांतर व त्याबरोबर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. युरोपातील पुष्कळशा कथांचे मूळ हिंदुस्थानात आहे, आणि त्या अरबी व फारसी मार्गांनी पश्चिमेस कशा गेल्या, हा त्यातील प्रतिपाद्य विषय होय. सर्वच कथांस तो सिद्धान्त लागू पडत नाही असे पुढील संशोधकांनी दाखविले, तरी कथांच्या प्रवासाचा शास्त्रीय अभ्यास तेथून सुरू झाला हे सर्वमान्य आहे. ह्या बेन्फायच्या पायाशी बसलेले तीन विद्यार्थी आमच्या इलाख्यात आले : मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्यास, गेओर्ग ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, आणि कीलहॉर्न १८६६ मध्ये पुन्हा पुण्यास. ब्यूलर व कीलहॉर्न ह्यांच्या संपादनाखाली मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू झाली.

ह्या देवघेवीत देणे एकतर्फी नव्हते हे सांगितले पाहिजे. कीलहॉर्न पुण्यास आले ते युरोपातील पाठचिकित्सेची शिस्त घेऊन. परंतु परिभाषेंदुशेखरासारखा ग्रंथ केवळ कोशाच्या आधाराने उलगडत नाही. त्यासाठी पुण्यातील शास्त्रीमंडळींजवळ बसून परंपरेने चालत आलेला अर्थ समजून घ्यावा लागला, आणि तो त्यांनी घेतला. महाभाष्याचे तीन भाग १८८० ते १८८५ ह्या वर्षांत मुंबईस छापले गेले. म्हणजे ग्रंथाचा आरंभ पुण्यात व समाप्ती गॉटिंगेनमध्ये झाली. डेक्कन कॉलेजात त्यांच्यामागून रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, आणि १८८५ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांस डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. लाइनेच्या काठी व मुळा-मुठेच्या काठी एकाच वेळी एकच ग्रंथ उघडलेला असावा, हे चित्र आम्हांस फार प्रिय आहे.

कीलहॉर्न गॉटिंगेनमध्ये १९०८ पर्यंत होते. त्यांच्या अखेरच्या काळात तेथे गणिताचे नवे युग सुरू झाले होते. फेलिक्स क्लाइन १८८६ मध्ये व डाव्हिड हिल्बर्ट १८९५ मध्ये तेथे आले. हिल्बर्टने बोलाविलेल्या एमी नोएटर ह्या असामान्य विदुषीस, ती केवळ स्त्री म्हणून, अध्यापनाचा अधिकार १९१९ पर्यंत मिळाला नाही, आणि तोपर्यंत तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावावर जाहीर होत. पुढे माक्स बॉर्न व जेम्स फ्रांक आले. १९२५ मध्ये हायझेनबर्ग, बॉर्न व योर्डान ह्यांनी नव्या पुंजयामिकीचा पाया ह्याच गावात घातला. जगातील तरुण शास्त्रज्ञांचे पाय ह्या लहान गावाकडे वळू लागले.

परंतु ह्याच गावात, ह्याच विद्यार्थ्यांत व ह्याच अध्यापकांत, दुसरे एक विष पसरत होते. १९३२ च्या जुलैतील निवडणुकीत येथे हिटलरच्या पक्षास मिळालेल्या मतांचे प्रमाण साऱ्या देशातील प्रमाणाहून पुष्कळ अधिक होते. ७ एप्रिल १९३३ रोजी ज्यू अध्यापकांस सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांस त्यातून सूट होती, आणि फ्रांक त्यांपैकी एक होता. नोबेल पारितोषिक मिळविलेला हा मनुष्य स्वस्थ बसून राहू शकला असता. त्याने १७ एप्रिल रोजी राजीनामा दिला व आपल्या जातभाइयांस परके लेखणाऱ्या राज्यात अशी सूट आपणांस नको असल्याचे उघडपणे कळविले. तेव्हा गॉटिंगेनमधील बेचाळीस अध्यापकांनी एक पत्रक काढले. ते फ्रांकच्या बाजूचे नव्हते. त्याच्या राजीनाम्याने परदेशी शत्रूंच्या हाती कोलीत दिले असा ठपका ठेवून सरकारने लवकर शुद्धीकरण करावे अशी आशा त्यात प्रकट केली होती.

१८३७ मध्ये सात सह्या शपथेसाठी झाल्या, आणि शहाण्णव वर्षांनी त्याच विद्यापीठात बेचाळीस सह्या एका सहकाऱ्याविरुद्ध झाल्या. ग्रंथालय तेच होते. लिंडेनची झाडे तीच होती. सातांच्या स्मृतीचा अभिमानही, आम्हांस खात्रीने वाटते, पुष्कळांच्या तोंडी असेल. त्यानंतर काही दिवसांतच बॉर्न, नोएटर व कूरांट ह्यांस अध्यापनापासून दूर करण्यात आले. १० मे रोजी ग्रंथांची होळी झाली. नोएटर अमेरिकेत जाऊन १९३५ मध्ये वारली. कूरांटने न्यूयॉर्कमध्ये नवी गणितसंस्था उभारली. बॉर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात रामन ह्यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत होता व पुढे एडिंबरास गेला. दोनशे वर्षांत जे जमले ते उधळावयास काही आठवडे पुरले. १९३८ च्या नोव्हेंबरात गावातील ज्यूंचे प्रार्थनामंदिर जाळण्यात आले.

युद्धात गावाची हानी तुलनेने थोडी झाली. ८ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य न लढता आत आले, पुढे हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात विद्यापीठ पुन्हा उघडले. रशियन विभागाची सीमा आता गावापासून वीस किलोमीटरांच्या आत आली होती. ज्या खोऱ्याने व्यापारी आणले त्याच खोऱ्याने आता निर्वासित आणले. दक्षिणेस फ्रीडलांड येथे इंग्रजांनी जी छावणी उघडली तिच्यातून पुढील दशकांत चाळीस लाखांहून अधिक माणसे गेली. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक होईपर्यंत गॉटिंगेन हे सीमेवरचे गाव होते.

ह्या कथेस तिसरा एक सहीचा प्रसंग आहे. १२ एप्रिल १९५७ रोजी अठरा अणुशास्त्रज्ञांनी गॉटिंगेनहून एक पत्रक काढले. पश्चिम जर्मनीच्या सैन्यास अण्वस्त्रे देण्याचा विचार चालला होता, त्यास त्यांनी विरोध केला व अशा अस्त्रांच्या निर्मितीत आपण भाग घेणार नाही असे जाहीर केले. सह्या करणारांत ऑटो हान, हायझेनबर्ग व माक्स फॉन लाउए होते, आणि परत जर्मनीत येऊन राहिलेला बॉर्नही होता. त्यांतील काहींनी युद्धकाळात हिटलरच्या राजवटीखाली अणुसंशोधन केले होते. म्हणजे ही सही केवळ निर्मळ हातांची नव्हती, तर काही प्रमाणात अनुभवाने पोळलेल्या हातांचीही होती. ती त्यामुळे कमी मोलाची ठरते असे आम्ही म्हणणार नाही.

त्यापूर्वी, १९५३ मध्ये, नगराच्या पहिल्या उल्लेखास हजार वर्षे झाली, तेव्हा गॉटिंगेनने बॉर्न, फ्रांक व कूरांट ह्यांस सन्माननीय नागरिक केले. ज्यांस घालवून दिले त्यांनाच नगराने पुन्हा आपले म्हटले. फ्रांक अमेरिकेतच राहिला. परंतु १९६४ मध्ये तो गॉटिंगेनला भेटीसाठी आला असता तेथेच त्याचा अंत झाला.

जुन्या नगरभवनासमोर कारंज्यावर हंस राखणाऱ्या एका मुलीचा लहानसा पुतळा आहे. तो १९०१ मध्ये उभारला गेला. नवा डॉक्टर झालेला विद्यार्थी वर चढून तिला फुले देतो व तिचे चुंबन घेतो, अशी तेथे चाल आहे. सेनापतीचा किंवा राजाचा पुतळा सोडून आपल्या विद्येचा पहिला मान एका गुराखी मुलीस द्यावा, ह्यात गावाची विनोदबुद्धी दिसते आणि नम्रताही दिसते.

आम्ही अध्यापक आहोत. विद्यापीठांचे इतिहास वाचताना आम्ही स्वभावतःच ग्रंथ, शोध व पदव्या ह्यांची मोजदाद करतो. गॉटिंगेनच्या इतिहासाने आमची ही सवय थोडी मोडली. तेथील ग्रंथसंपत्तीचा आम्हांस हेवा वाटतो खरा. परंतु रात्री पुस्तक मिटताना मनात राहतो तो दुसराच प्रश्न : तो कागद आमच्यासमोर टेबलावर आला असता, तर आमची सही कोणत्या यादीत पडली असती, की आम्ही लेखणी खिशात ठेवून वेधशाळेकडे चालू लागलो असतो? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता येत नाही. परंतु महाभाष्याचा तो भाग कपाटातून काढताना आता मुखपृष्ठावरील नावाबरोबर हा प्रश्नही आठवतो.